वाटपाचे दावे, मृत्युपत्रं आणि न्यायाधीश : वकिलानं नेमकं काय करावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी बाजूला वकिली करतोय. हातातलं निम्म्याहून अधिक काम भाऊबंदकीचं. वाटपाचे दावे, मृत्युपत्राचे वाद, हक्कसोडपत्र रद्द करून मागणाऱ्या बहिणी, वारस नोंदीवरून उठलेली भांडणं. परवा माझ्याकडच्या नव्या ज्युनियरनं विचारलं, "सर, नवीन साहेब कसे आहेत? त्यांच्यापुढं कसं चालवायचं?" दर बदलीनंतर बार रूममध्ये हाच प्रश्न फिरतो. त्याला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो.

वारसाहक्काच्या दाव्यात न्यायाधीशाची सगळ्यात जास्त दमछाक माणसं ओळखण्यात होते. वीस-पंचवीस वादी-प्रतिवादी, त्यातले चार मयत, त्यांचे वारस तीन-अ ते तीन-ऊ, आत्यांची माहेरची आणि सासरची आडनावं, आजोबांची दोन लग्नं. आपण त्या घरच्यांबरोबर दोन वर्षं बसलेलो असतो, त्यामुळे शेवंताबाई कुणाची कोण हे आपल्याला तोंडपाठ असतं. साहेबांपुढं त्या दिवशीच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतात आणि शेवंताबाई त्यांना आज पहिल्यांदा भेटते.

म्हणून माझं पहिलं काम वंशावळ. वादपत्रात असते ती नव्हे, ती बहुतेकदा अर्धवट असते. आडव्या फुलस्केपवर एकाच पानात मावेल अशी काढतो. वर मूळपुरुष. प्रत्येक नावाखाली मृत्यूची तारीख, आणि ती तारीख ज्या कागदावरून घेतली त्याचा निशाणी क्रमांक. वादी-प्रतिवादी क्रमांक त्याच चौकटीत. मग ते पान समोरच्या वकिलांना आधी दाखवतो. "दादा, यातलं काय मान्य नाही तेवढं सांगा." शंभरातल्या नव्वद नावांवर वाद नसतोच. उरलेल्या नावांभोवती तुटक रेघ, आणि खाली दोघांच्या सह्यांची पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. साहेबांना पहिल्या मिनिटाला कळतं की भांडण दुसऱ्या बायकोच्या शाखेपुरतं आहे, बाकी घर एकमतानं उभं आहे.

तारखांवर इतका जोर का, ते सांगलीच्या एका प्रकरणावरून सांगतो. खंडाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या कोर्टानं १/२४ दिला, उच्च न्यायालयानं ७/२४, आणि १९७८ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालानं ७/२४ कायम झाला. हिशेब असा : खंडाप्पांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, त्यात ते स्वतः, पत्नी आणि दोन मुलगे यांना पाव-पाव. मग खंडाप्पांच्या पावाचे सहा वारसांत सहा भाग. हिराबाईंचा पाव अधिक १/२४. हेच घर समजा, पण वडील हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर गेले, तर मुलीही जन्मानं सहहिस्सेदार. आता वाटणी सात जणांत, प्रत्येकाला १/७, वडिलांचा १/७ परत सहा जणांत, आणि सगळ्यांचा हिस्सा बरोबर १/६. माणसं तीच, नाती तीच. मृत्यूची तारीख सरकली की सगळे अपूर्णांक बदलतात. हे गणित वकिलानं पायरी-पायरीनं लिहून द्यायला हवं. साहेबांनी ते रात्री घरी एकट्यानं सोडवावं अशी अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

आता माझी चूक सांगतो. पंधरा वर्षं तरी झाली असतील. माझ्या पक्षकार दोन बहिणी, दोघींची साठी उलटलेली. त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचं साल मी फेरफारावरून (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या महसुली नोंदीवरून) १९५७ धरलं होतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, त्यामुळे १९५७ म्हटल्यावर मुलींचा हिस्सा पक्का. युक्तिवादाच्या आदल्या संध्याकाळी गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा हातात आला. मृत्यू १९५५ चा. फेरफाराची नोंद दोन वर्षं उशिरा झालेली, आणि मी नोंदीची तारीख मृत्यूची समजलो होतो. समोरच्यांना याचा पत्ता नव्हता.

रात्रभर झोप नाही. सकाळी दोघी बहिणींना बसवून सांगितलं आणि उतारा स्वतः दाखल केला. थोरली माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. वडिलांमार्फतचा हक्क गेला. वादपत्रात आईच्या वारस म्हणूनही मागणी होती, पण मी तिच्यावर कधी जोर दिला नव्हता. आईला हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या १९३७ च्या कायद्यानं नवऱ्याचा हिस्सा मिळाला होता, १९५६ नंतर तो तिच्या पूर्ण मालकीचा झाला, आणि ती गेली १९७४ साली. मुलींचा खरा रस्ता तोच होता. हिस्सा मागितल्यापेक्षा बराच कमी आला, पण अपिलातही टिकला. साहेबांनी कोर्टात एक शब्द काढला नाही. निकालपत्रात मात्र एक ओळ होती, की हा उतारा वादींच्या वकिलांनीच हजर केला आहे.

न्यायाधीशाबरोबर काम करणं म्हणजे मला एवढंच कळतं : आपण पुढं केलेला कागद त्यांना दुसऱ्यांदा तपासावा लागू नये.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

नीलांबरी

मी वकील नाही, पक्षकार आहे. आम्ही तिघी बहिणी वादी, काका आणि चुलतभाऊ प्रतिवादी. नऊ वर्षं झाली. आमचे वकील अधूनमधून म्हणतात, "मी साहेबांना भेटून घेतो, काळजी करू नका." आधी धीर वाटायचा. आता तुमचं वाचून विचारावंसं वाटतं, असं भेटता येतं का? आणि समोरचे वकीलही भेटत असतील तर?

घाटमाथा

नीलांबरीताई, चालू प्रकरणाबद्दल वकिलानं न्यायाधीशांशी एकट्यानं, समोरच्याच्या माघारी बोलायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तातडीचं काही असेल तर अर्ज द्यायचा, समोरच्याला प्रत द्यायची, आणि जे बोलायचं ते दोघांच्या देखत. चेंबरमध्ये बोलावलं तरी दोन्ही वकील.

तुमचे वकील बहुधा नुसता धीर द्यायला म्हणत असतील. तरी त्यांना नम्रपणे सांगा, "भेटू नका, अर्ज द्या." जो वकील ओळखीचा हवाला देतो त्याच्या पक्षकाराचं नुकसानच होतं, कारण साहेबांना त्याचा वास जरी आला तरी ते त्या फाइलपासून चार हात लांब उभे राहतात.

जुना_शिरस्तेदार

न्यायालयीन कर्मचारी म्हणून एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. वरची वंशावळीची गोष्ट सोळा आणे खरी. माझ्या टेबलावरून काय दिसायचं ते सांगतो.

सकाळी पहिल्या पुकाऱ्याला निम्मे वकील नसतात. ज्यांची तडजोड चालू आहे, साक्षीदार आलेला नाही, पक्षकार वारला आहे, त्यांनी तेव्हाच उठून सांगितलं तर साहेब बोर्डाची आखणी करू शकतात. तसं न होता दुपारी चारला कळतं की वादीचा साक्षीदार आलाच नव्हता. तोवर दुसऱ्या गावाहून एस.टी.नं आलेला एक म्हातारा सरतपासाचं शपथपत्र हातात घेऊन बाकावर बसलेला असतो आणि त्याला परत जावं लागतं. कायद्यात तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही. फाइलमध्ये मुदतीचे अर्ज किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

कागदांचं म्हणाल तर यादीनं दाखल करा आणि सातबारे वर्षांच्या क्रमानं लावा. झेरॉक्स पुसट असेल तर तलाठ्याकडची ताजी नक्कल जोडा. एका वकीलबाई होत्या, त्या प्रत्येक गटाचा वेगळा गठ्ठा करायच्या : वर चालू सातबारा, खाली त्या गटाचे फेरफार चढत्या क्रमानं, शेवटी एकत्रीकरणाचा उतारा, ज्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर समोरासमोर असतो. साहेब त्यांची फाइल मागवताना "ती बाईंची फाइल आणा" म्हणायचे.

घाटमाथा

एकत्रीकरणाच्या उताऱ्याबद्दल आभार, मी लिहायचंच विसरलो होतो. वादपत्रात जुना सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर, आणि हुकूमनाम्यात तिसरंच काही तरी. असा हुकूमनामा अंमलात आणताना तीन पिढ्या झिजतात.

टेस्टामेंटरी_फोर्ट

मुंबई उच्च न्यायालयात मृत्युपत्रांचं काम करतो. आमच्याकडे प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर मागणारा अर्ज आला, कुणी कॅव्हिएट (हरकतीची नोंद) आणि त्याच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र दाखल केलं, की त्याचा दावा होतो आणि पुरावा सुरू.

मृत्युपत्राच्या कामात न्यायाधीश कशानं अस्वस्थ असतात हे वकिलानं समजून घ्यायला हवं. ज्याची इच्छा सांगितली जाते तो माणूस साक्षीला येऊ शकत नाही. १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात न्या. गजेंद्रगडकरांनी (ते मूळचे साताऱ्याचे) हेच मांडलं : संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढं करणाऱ्यावर, आणि न्यायालयाच्या सदसद्विवेकाचं समाधान व्हायला हवं. ज्याला सगळं मिळतंय त्यानंच कागद करवून घेतला, सही थरथरती आहे, आजारपणात केलंय, एका मुलीचं नावच नाही, तर हे प्रश्न साहेबांच्या मनात येणारच. मी ते आधीच, स्वतःहून घेतो. "मुलीला का वगळलं" याचं उत्तर पहिल्या दिवशी द्यायचं, उलटतपासात निघेपर्यंत थांबायचं नाही.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा त्यानं ती सही आपली असल्याचं त्यांना सांगितलेलं असावं, आणि प्रत्येकानं त्याच्या समोर स्वतःची सही केलेली असावी. कोर्टात एक साक्षीदार आणला तरी चालतो, पण त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगता आलं पाहिजे. जानकी नारायण भोईर प्रकरणात नेमकं तेच झालं नाही. तपासलेला साक्षीदार दुसऱ्याच्या सहीबद्दल काही सांगू शकला नाही, दुसरा हयात असून बोलावला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं मृत्युपत्र शाबीत धरलं नाही. शपथपत्राचा मसुदा करताना माझ्या टेबलावर कलम ६३ उघडं असतं. कागद तीस वर्षांचा जुना आहे म्हणून सुटका होईल असंही कुणी समजू नये, ते गृहीतक मृत्युपत्राला लागू होत नाही.

एका बाबतीत मात्र घाटमाथांशी माझं जमत नाही. तो १९५५ चा उतारा स्वतः दाखल करणं. आपण पक्षकाराचे वकील आहोत. खोटं बोलायचं नाही, हे मान्य. पण आपल्याच विरुद्धचा पुरावा शोधून हजर करणं हे आपलं काम आहे का? थोरल्या बहिणीच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

घाटमाथा

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो स्वतःला बऱ्याचदा विचारलाय.

उतारा मी शोधायला गेलो नव्हतो, माझ्याच पक्षकाराच्या भाच्यानं हक्काचे कागद म्हणून गावाहून आणला. फेरफार मीच दाखल केलेला. "१९५७ साली वारले" हे शपथपत्रात मीच लिहून घेतलेलं. ते खोटं आहे हे कळल्यावर तेच वाक्य धरून उभं राहून युक्तिवाद केला असता तर ती फसवणूक झाली असती, आणि ती माझ्या तोंडून. समोरच्याच्या ताब्यातला एखादा कागद मी त्याच्या वतीनं आणून द्यावा असं मी म्हणत नाही. माझ्या विधानाची दुरुस्ती मात्र मीच करायला हवी.

थोरलीच्या रागाबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. चूक माझी होती, सुरुवातीलाच नोंदवही काढायला हवी होती. त्याची किंमत तिनं मोजली.

टेस्टामेंटरी_फोर्ट

शपथपत्राचा मुद्दा पटला. स्वतः सादर केलेलं विधान चुकीचं निघालं तर दुरुस्त करणं वेगळं. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो.

कृष्णाकाठचा_निवृत्त

दिवाणी न्यायाधीश म्हणून सुरुवात केली, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो. पलीकडच्या बाजूनं थोडं.

वकील मंडळींना वाटतं निकाल युक्तिवादाच्या दिवशी ठरतो. माझा अनुभव असा की वाटपाच्या दाव्याचं निम्मं भवितव्य मुद्दे, म्हणजे कोर्टानं ठरवायचे वादप्रश्न, काढतानाच ठरतं. त्या दिवशी सहसा ज्युनियर पाठवलेला असतो, हातात फाइल नाही, "साहेब, कोर्ट काढेल ते मुद्दे." मग मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, पूर्वी वाटणी झाली होती का, सगळ्या मिळकती दाव्यात आहेत का, सगळे हिस्सेदार आहेत का, यातलं एखादं राहून जातं, पुरावा त्यावर येत नाही, आणि सात वर्षांनी अपिलातून दावा परत येतो. दोन्ही वकिलांनी मुद्द्यांचा कच्चा मसुदा दिला तर त्यासारखी दुसरी मदत नाही.

घाटमाथांच्या वंशावळीच्या पानाला माझा पूर्ण पाठिंबा, एक धोका सांगून. काही वकील तक्त्यातच युक्तिवाद घुसडतात. "तथाकथित दत्तक पुत्र", "बनावट वाटणीपत्र". असा तक्ता मी बाजूला ठेवत असे. तक्ता कोरा हवा, विशेषणं युक्तिवादात घाला. रंगही नकोत. फाइलमधली झेरॉक्स काळी-पांढरी निघते आणि लाल-हिरव्याचा अर्थ हरवतो.

निवाड्यांचे गठ्ठे. २००५ च्या दुरुस्तीवर विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठानं प्रश्न मिटवला : मुलीचा हक्क जन्मानं, वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही. त्यानंतरही माझ्यापुढं वकील आधीचे उलट निवाडे वाचत आणि विनीता शर्माचं नावही काढत नसत. मला तो निवाडा माहीत आहे हे त्यांनाही माहीत असे. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचं माझं लक्ष उडून जाई. त्यांच्या पक्षकाराजवळ २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटणीपत्र असे, जे कायदा राखतो. तेवढं एक पान पहिल्यांदा वाचलं असतं तर!

आणि म्हाताऱ्या साक्षीदारांशी जरा बेतानं. ऐंशी वर्षांच्या बाईला "तुम्ही खोटं बोलताय" असं पाच वेळा विचारून काही मिळत नाही. तिला खुर्ची द्यायला सांगा, मोठ्यानं आणि हळू विचारा. उलटतपास घेणाऱ्या वकिलानंच "साहेब, आजींना पाणी द्या" म्हटलेलं मी एकदा पाहिलं. त्यानंतर आजींनी त्याला सगळं सरळ सांगितलं, त्यात त्याच्या फायद्याचंही होतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडचा मामला निराळा, म्हणून लिहिते. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची इन्व्हेंटरी आहे, आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली. मयताच्या मिळकतीची यादी कोर्टापुढं ठेवायची आणि कोर्टाच्या देखरेखीखाली वाटणी. यादी करण्याची जबाबदारी घरातल्या एका प्रमुखावर असते, जुने लोक त्याला अजून 'काबेसा द काझाल' म्हणतात. मुलांना निम्म्या वाट्यापासून तोडता येत नाही, मृत्युपत्रानं निम्मंच देता येतं.

वाद बहुतेक यादीवर. आईचे दागिने लिहिले नाहीत, मुंबईतली खोली लपवली. त्यामुळे आमच्या वकिलाचा कस यादीत लागतो. मग वारसांमध्येच बोली लागते. घर कुणी घ्यायचं, किती रुपयांना, बाकीच्यांना फरक किती. न्यायाधीशांपुढं भावंडं एकमेकांवर बोली चढवतात. अशा वेळी वकिलानं पक्षकाराचा आकडा आधी कागदावर लिहून घ्यावा. भावाला हरवायच्या भरात एका ताईनं परवडत नसलेला आकडा बोलला आणि ती रक्कम भरताना तिची जी ओढाताण झाली ती मी जवळून पाहिली. तेव्हापासून मी बोलीआधी दहा मिनिटं मागून घेते. आजवर कुठल्या न्यायाधीशांनी नाही म्हटलेलं नाही.

सनद_नवी

मी दोन वर्षांपूर्वी सनद घेतली. खरं सांगायचं तर भीती वाटते. परवा साहेबांनी विचारलं "प्रतिवादी चारचा हिस्सा किती?" आणि मला आलं नाही. "तयारी करून येत जा" म्हणाले, सगळ्या कोर्टासमोर. मग मी अंदाजानं १/८ सांगितला, तो चुकला.

कृष्णाकाठचा_निवृत्त

बाळ, अंदाज सांगितलास तेवढंच चुकलं. "साहेब, आत्ता सांगता येत नाही, दुपारच्या सत्रात लेखी देतो" म्हणायचं, आणि दुपारी खरोखर द्यायचं. मी अशा पोरांची नावं लक्षात ठेवत असे, चांगल्या अर्थानं.

मोजणी_आणि_वाटप

कोर्ट कमिशनर म्हणून, म्हणजे कोर्टानं जागेवर फोड करायला नेमलेला माणूस म्हणून, बरीच कामं केली आहेत, म्हणून प्राथमिक हुकूमनाम्याच्या (ज्यात फक्त हिस्से ठरतात) पुढचं लिहितो. तिथं बहुतेक वकिलांचा रस संपतो. हिस्सा ठरला, पेढे वाटले. पण शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड दिवाणी कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ती कलेक्टरकडे जाते. घर, गावठाणातली जागा यांची फोड कमिशनरमार्फत. दोन्ही एकाच हुकूमनाम्यात कालवलेलं असलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. युक्तिवादातच सांगावं, "साहेब, शेती आणि घर वेगवेगळं लिहा." सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलंय की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टानं स्वतःहूनच प्रकरण अंतिम हुकूमनाम्यासाठी पुढं चालवावं. तरी वकिलांनी आठवण द्यावीच लागते.

एक वाडा आठवतो. दोन भाऊ, एक बहीण. पुढं ओटा आणि सोपा, मध्ये माजघर, मागं परस आणि आड. मी नकाशावर तीन भाग पाडले, किमतीचा फरक रोखीनं. भांडण अडलं आडावर, कुणाच्याही भागात गेला तरी बाकीचे दोघे नाही म्हणणार. दोन्ही बाजूंचे वकील माझ्याबरोबर जागेवर आले, चपला काढून परसात उभे राहिले आणि तिथल्या तिथं ठरवलं की आड आणि त्याच्याकडं जाणारा साडेतीन फुटांचा बोळ तिघांत सामाईक. अहवालाला हरकतच आली नाही. पुढच्या तारखेला साहेबांनी भर कोर्टात तीन चिठ्ठ्या टाकायला लावल्या, धाकट्या भावाच्या नातीनं उचलल्या. माजघर बहिणीला गेलं. ती म्हणाली, "माझा जन्म त्याच खोलीतला."

टेस्टामेंटरी_फोर्ट

तडजोडीबद्दल दोन वाक्यं, लोक इथं फार चुकतात. दाव्यात नसलेली मिळकत पुरसिसमध्ये घातली तर तेवढ्या भागाला नोंदणी लागते, म्हणून आधी वादपत्रात दुरुस्ती करून ती मिळकत आणा. घरात अज्ञान मूल असेल तर कोर्टाची परवानगी आणि ही तडजोड त्याच्या हिताची असल्याचा वकिलाचा दाखला. साहेबांना हे आपणहून दाखवलं की सही लवकर होते. आणि महाराष्ट्रात दावा लावल्याबरोबर प्रलंबित दाव्याची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवायला विसरू नका, इथं नोंदीशिवाय तिचं संरक्षण मिळत नाही.

नीलांबरी

पंधरा दिवसांनी परत लिहितेय. तुमचं सगळं वाचून मी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर आमचा दावा पाहिला, मग रोजनाम्याच्या (तारखेगणिक कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीच्या) नकला काढल्या. प्रतिवादी दोन, म्हणजे थोरले काका, दीड वर्षापूर्वी वारले. आम्हाला माहीत होतं, दहाव्याला गेलो होतो. पण कोर्टात कुणी रीतसर कळवलंच नाही, वारसांचा अर्जही दिला नाही. त्यांच्या वकिलांनीही नाही, आमच्याही नाही. आम्हाला वाटलं कोर्टाला आपोआप कळतं. गेल्या सहा तारखांना "वारस रेकॉर्डवर घेणेकामी" एवढंच लिहिलंय. साहेब कुणी तरी अर्ज देईल म्हणून वाट बघत होते, आणि आम्ही साहेबांना नावं ठेवत होतो.

घाटमाथा

ताई, घाबरू नका, पण उद्याच हलवा. वारस आणण्याची मुदत मृत्यूपासून नव्वद दिवस. ती गेली म्हणजे त्यांच्यापुरता दावा आपोआप रद्द झालेला असतो. तो रद्दबातलपणा काढून टाकण्याचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज आणि वारस घेण्याचा अर्ज, तिन्ही एकत्र द्यायला सांगा. उशिराचं कारण खरं तेच लिहा : कळवायचं असतं हे माहीत नव्हतं. पक्षकार वारल्याचं त्याच्या वकिलानं कोर्टाला कळवायचं असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर २२ नियम १०-अ. ते झालेलं नाही हेही अर्जात येऊ द्या, कुणावर ठपका न ठेवता. काकांचे सगळे वारस घ्या, लग्न झालेल्या मुलींसकट.

नीलांबरी

अर्ज दिले. साहेबांनी समोरच्यांना से (लेखी म्हणणं) द्यायला सांगितलं, पुढची तारीख तीन आठवड्यांची. काकांना पहिल्या बायकोपासून एक मुलगी होती, ती वंशावळीत कुठंच नव्हती. कोल्हापूरला असते. मी फोन केला. ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही कधी."

काल आत्याकडं बसून सगळं पान परत काढलं. आत्याला सगळ्यांचे मृत्यू सणावारांवरून आठवतात. आजोबा नागपंचमीच्या आदल्या दिवशी, ती तिसरीत असताना.

घाटमाथा

आत्याचा शाळेचा दाखला मिळाला तर तिसरीचं साल निघेल. त्या सालची नागपंचमी जुन्या पंचांगात बघा, आणि मग ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्या आठवड्याचं पान काढायला सांगा. फेरफारावर विसंबू नका.

नीलांबरी

दाखला आहे तिच्याकडं. सोमवारी ग्रामपंचायतीत जाते.